खेड्यांतील शाळा : पैसा, जागा आणि देखरेख

आमच्या शाळेंत आसपासच्या खेड्यांतून आलेलीं पुष्कळ मुलें आहेत. त्यांतील बहुतेकांनीं पहिलीं चार-पांच वर्षें आपल्या गांवच्या जिल्हा परिषदेच्या शाळेंत काढिलेलीं असतात. त्या शाळेची घंटा, तेथील गुरुजी व बाई, दुपारची खिचडी हीं सर्वांच्या स्मरणांत असतात. परंतु ती शाळा त्याच ठिकाणीं कां उभी राहिली, तिचा खर्च कोण चालवितो आणि तो नीट चालला आहे कीं नाहीं हें पाहण्याचा अधिकार कोणाचा, असें विचारलें असतां चांगलीं हुशार मुलेंहि 'सरकार' एवढें एकच उत्तर देऊन थांबतात. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. 'सरकार' हा एक शब्द मुंबईपासून गांवच्या चावडीपर्यंत उतरत आलेल्या अनेक पायऱ्यांस मिळून लाविला जातो. यांपैकीं कोणत्या पायरीवर पैसा आहे आणि कोणत्या पायरीवर माहिती आहे, यावर खेड्यांतील शाळेचें नशीब ठरतें. विषय कांहींसा रुक्ष आहे खरा. तथापि ज्यांच्या धाकट्या भावंडांची शाळा पुढील वर्षीं उघडेल कीं नाहीं हें याच गोष्टीवर अवलंबून आहे, त्यांना तो परका वाटूं नये.

प्रथम थोडा मागील इतिहास पाहूं. इ. स. १८५४ सालीं सर चार्ल्स वुड यांचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून आला. खासगी व मिशन संस्थांच्या शाळांस सरकारी तिजोरींतून अनुदान द्यावें, ही पद्धति त्या खलित्यानें घालून दिली. परंतु अनुदान मिळण्यास अगोदर संस्था लागते, व संस्था काढण्यास चार पैसे बाळगणारे लोक लागतात. लहान खेड्यांत या दोहोंचीहि वाण होती. म्हणून मुंबई इलाख्यांत खेड्यांसाठीं निराळा मार्ग निघाला, तो 'लोकल फंडा'चा. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी घ्यावयाची आणि तिचा एक तृतीयांश शिक्षणाकडे लावावयाचा, अशी ही व्यवस्था १८६३ च्या सुमारास सुरू झाली व १८६९ च्या कायद्यानें पक्की झाली. शाळेसाठीं शेतकऱ्याच्या कनवटीचा पैसा जाऊं लागला. पण तो कोठें खर्च व्हावा हें सांगण्याचा अधिकार कांहीं त्याच्याकडे आला नाहीं.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं जें निवेदन सादर केलें, त्यांत हेंच दुखणें त्यांनीं उघड करून दाखविलें. सरकारचा महसूल रयतेच्या घामांतून उभा राहतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांच्या पदरांत पडतो, असा त्यांचा आक्षेप होता. आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी त्यांची मागणी होती. पैसा कोणाचा आणि शाळा कोणाच्या दारांत, हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें विचारणारे ते आपल्याकडील आद्य पुरुषांपैकीं होत. त्याच कमिशननें प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डें व म्युनिसिपालिट्या यांजकडे सोंपवावा अशी शिफारस केली, आणि १८८४ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकल बोर्डें अस्तित्वांत आलीं.

पुढें १९११ सालीं नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक आणिलें. ज्या स्थानिक संस्थेची तयारी असेल तिनें आपल्या हद्दींत सक्ती लागू करावी व खर्चाचा भार सरकारनें आणि तिनें वांटून घ्यावा, इतकीच माफक योजना त्यांत होती. तरीहि १९१२ सालीं तेरा विरुद्ध अडतीस मतांनीं तें विधेयक फेटाळलें गेलें. जें ब्रिटिश हिंदुस्थानांत साधलें नाहीं तें कांहीं संस्थानांनीं करून दाखविलें : सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें सर्व बडोदें राज्यांत, आणि शाहू महाराजांनीं १९१७ मध्यें कोल्हापुरांत सक्तीच्या व मोफत शिक्षणाचे हुकूम काढिले. मुंबई इलाख्यांत १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीनें म्युनिसिपालिट्यांपुरता कायदा झाला, व १९२३ च्या कायद्यानें जिल्हा लोकल बोर्डांकडेहि प्राथमिक शाळांची सूत्रें देण्यांत येऊन स्कूल बोर्डें निघालीं.

येथें वाचकांस वाटेल कीं, आतां गांवकऱ्यांचें राज्य आलें. परंतु तसें झालें नाहीं. बोर्डांकडे अधिकार आले तरी उत्पन्नाचीं साधनें तुटपुंजीं होतीं, आणि शिक्षकांच्या नेमणुकांत व बदल्यांत वशिल्याचा वास येऊं लागल्याच्या तक्रारी होत्या. १९३८ सालीं कायदा दुरुस्त होऊन बोर्डाचा प्रशासन-अधिकारी सरकारनेंच नेमावा असें ठरलें, व १९४७ सालीं नवा कायदा झाला. पैसा दूर असला तर त्यास खेड्याची अडचण दिसत नाहीं, आणि अधिकार अगदीं जवळ आला तर त्यास सोयरेधायरे चिकटतात. या दोन दोषांच्या मधून वाट काढण्याचा प्रयत्न म्हणजेच आपल्या ग्रामीण शाळांच्या कारभाराचा सगळा इतिहास होय.

सध्यांची व्यवस्था महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिति अधिनियम, १९६१ यानें घालून दिली आहे. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून हा कायदा तयार झाला व १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आज मुंबईचे दोन जिल्हे वगळतां राज्यांत ३४ जिल्हा परिषदा आहेत. परिषदेच्या निवडून आलेल्या सभासदांची एक शिक्षण समिति असते. तिच्या जोडीला शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, कांहीं शाळांच्या एका गटाला केंद्रप्रमुख, आणि शेवटीं शाळेंत मुख्याध्यापक, अशी नोकरवर्गाची शिडी असते. सभासदांनीं लोकांच्या गरजा मांडाव्या व अधिकाऱ्यांनीं त्या नियमांत बसवून पार पाडाव्या, ही यांतील मूळ कल्पना.

आतां पैशाची वाट पाहूं. खर्चाचा सर्वांत मोठा भाग शिक्षकांच्या वेतनाचा असतो, व तो राज्य सरकारच्या अनुदानांतून येतो. दुसरा ओघ 'समग्र शिक्षा' या योजनेचा. २०१८ सालीं पूर्वींच्या सर्व शिक्षा अभियानासह तीन योजना एकत्र करून ती निघाली. तिच्या खर्चांत केंद्र सरकारचे साठ व राज्याचे चाळीस असे शंभरांतील वांटे असतात. याच योजनेंतून शाळेस वार्षिक संयुक्त अनुदान मिळतें. तीसहून अधिक व शंभरपर्यंत मुलें असलेल्या शाळेस वर्षास २५,००० रुपये, आणि एकशें-एक ते अडीचशें मुलांच्या शाळेस ५०,००० रुपये, असें त्याचें मान ठरविलेलें आहे. खडू, झाडू, नळाची दुरुस्ती, विजेचें बिल हें सर्व त्यांतूनच भागवावयाचें. तिसरा ओघ जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा, ज्यास कार्यालयांत 'सेस' म्हणतात. चौथा ग्रामपंचायतीस वित्त आयोगाकडून मिळणाऱ्या निधीचा. आणि पांचवा, जो कोणत्याहि कायद्यांत लिहिलेला नसून पुष्कळ ठिकाणीं सर्वांआधीं धांवून येतो, तो गांवच्या लोकवर्गणीचा.

हे पांच ओघ नीट ध्यानांत घेतले म्हणजे एक गोष्ट उघड होते. जिल्हा परिषदेच्या हातांत पिशवी आहे, पण तिचें तोंड आवळणारी दोरी बहुतांशीं वरच आहे. किती शिक्षक द्यावयाचे, किती अनुदान द्यावयाचें, हें वरून ठरतें. कोणत्या वर्गाचें छप्पर आधीं दुरुस्त व्हावें, कोणत्या वाडीस खोली मिळावी, आलेला पैसा खरोखर खडूंत व नळांत गेला कीं नाहीं, एवढेंच पाहणें स्थानिकांच्या वांट्यास येतें. हें काम दिसण्यांत लहान, परंतु मुलांच्या दृष्टीनें सर्वांत मोठें आहे. मुंबईंत बसून छप्पर गळतांना दिसत नाहीं.

वरून ठरतें तें कशाच्या आधारें? तर 'पटा'च्या. हजेरीपटावर किती नांवें आहेत यावर शिक्षकांची संख्या, धान्य व अनुदान हीं सर्व अवलंबून असतात. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदांपर्यंत तीन, एकशें वीसपर्यंत चार असे द्यावयाचे. म्हणजे एकसष्टावें मूल हें एका शिक्षकाच्या मोलाचें ठरतें. अशा ठिकाणीं मोह उत्पन्न होतो हें सांगावयास नकोच. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यांतील सर्व शाळांची पटपडताळणी एकाच वेळीं करण्यांत आली, व एकाच मुलाची दोन शाळांत गणती होऊं नये म्हणून मुलांच्या बोटांस शाई लावण्यांत आली. अनेक ठिकाणीं पटावर नांवें आहेत पण मुलें नाहींत, असें त्यांतून बाहेर आलें. हा प्रकार लाजिरवाणा होता. पण आमच्या मतें खरा प्रश्न पुढेंच आहे : वर्गांतील मुलें मोजावयास मुंबईहून हुकूम यावा लागला, तोंवर त्याच गांवांतील माणसें काय करीत होतीं? गांवांत कोणाच्या घरीं किती मुलें आहेत हें गांवाइतकें कोणास ठाऊक असणार? जवळची नजर मिटली म्हणजे दूरची नजर काठी घेऊन येते, आणि मग तिच्या तडाख्यांत खऱ्या पटाच्या शाळाहि सांपडतात.

पैशाइतकाच महत्त्वाचा विषय जागेचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शेजारशाळा मिळवून देणें, आपल्या हद्दींतील मुलांची नोंद ठेवणें, व शिक्षक, इमारत, साहित्य यांची तरतूद करणें, हीं कर्तव्यें त्यानें स्थानिक प्राधिकरणावर घातलीं आहेत. खेड्यांच्या बाबतींत हें प्राधिकरण म्हणजे मुख्यतः जिल्हा परिषद. पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटरच्या आंत, व सहावी ते आठवीसाठीं तीन किलोमीटरच्या आंत शाळा असावी, असें अंतराचें मान ठरलें आहे. ज्या वाड्यावस्त्यांवर पूर्वीं शाळा नव्हती तेथें या शतकाच्या आरंभीं वस्तीशाळा निघाल्या होत्या, त्याहि पुढें नियमित शाळांत मिळविण्यांत आल्या.

परंतु जन्मदर घटला, माणसें शहराकडे गेलीं, खासगी शाळांच्या मोटारी वाडीपर्यंत येऊं लागल्या, आणि पुष्कळ लहान शाळांचा पट उतरला. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी मुलांच्या सुमारें तेराशें शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय सरकारनें जाहीर केला, व त्यास मोठा विरोध झाला. सप्टेंबर २०२३ मध्यें वीसपेक्षां कमी पटाच्या शाळा एकत्र आणून 'समूह शाळा' काढण्याविषयीं जिल्हा परिषदांकडून प्रस्ताव मागविण्यांत आले. त्या वेळीं अशा लहान शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक होती. नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ व पुणें जिल्ह्यांतील पानशेत येथील समूह शाळांचे दाखले त्या वेळीं पुढें करण्यांत आले.

या वादांत दोन्ही बाजूंकडे सत्याचा अंश आहे, हें आम्ही शिक्षक या नात्यानें सांगितलेंच पाहिजे. चार इयत्ता, आठ मुलें आणि एक शिक्षक, अशा शाळेंत मुलांस सोबती मिळत नाहींत, खेळांत दोन बाजू होत नाहींत, व शिक्षक बैठकीस गेला कीं शाळा उघडी असून बंद असते. मोठ्या शाळेंत ग्रंथ, प्रयोगसाहित्य व प्रत्येक वर्गास निराळा शिक्षक देतां येतो. हा हिशेब खोटा नाहीं. पण त्यांत एक रकाना राहून जातो, तो वाटेचा. नकाशावर दीड किलोमीटर दिसणारें अंतर पावसाळ्यांत मधल्या ओढ्यामुळें कित्येक पटीनें वाढतें. सहा वर्षांचें मूल तें रोज चालेल काय? आणि मुलगी दहा वर्षांची झाली म्हणजे आई-बाप तिला रानांतल्या वाटेनें एकटी पाठवितील काय? २०२२ च्या आरंभीं, कोयना जलाशयाच्या काठच्या एका गांवच्या मुली स्वतः होडी वल्हवून शाळेस जातात अशी बातमी प्रसिद्ध झाली, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन तिची दखल घेतली. त्याच वर्षीं इगतपुरी तालुक्यांतील दरेवाडीचीं मुलें आपल्या शाळेसाठीं नाशिकच्या जिल्हा परिषदेवर शेळ्या घेऊन आलीं. शाळा बंद होणार असेल तर आमचीं दप्तरें परत घ्या व आम्हांस शेळ्या राखावयास द्या, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. बालकांनीं मांडलेला हा हिशेब कोणत्याहि टांचणांतील हिशेबापेक्षां अधिक सरळ आहे. शाळा दूर गेली कीं प्रथम मुलीचें नांव पटावरून जातें, आणि मागाहून राखणीचें काम मुलाच्या गळ्यांत पडतें.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, लहान शाळा मिळवावी कीं ठेवावी याचा निर्णय केवळ पटाच्या आंकड्यावर होऊं नये. वाट कशी आहे, वाहन कोण देणार व तें पावसाळ्यांत येणार काय, लहान मुलांच्या इयत्ता वाडीवरच ठेवून मोठ्यांच्याच दुसरीकडे नेतां येतील काय, हे प्रश्न वाडीवर बसून विचारले गेले पाहिजेत. हे प्रश्न विचारण्यासाठींच तर स्थानिक संस्था असतात.

जागेचा दुसरा अर्थ खासगी शाळेंतील प्रवेश. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमान्वयें विनाअनुदानित खासगी शाळांनीं पहिल्या वर्गांतील शंभरांत पंचवीस जागा दुर्बल व वंचित गटांतील मुलांस द्यावयाच्या व त्यांच्या शुल्काची भरपाई सरकारनें करावयाची असते. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला आहे, परंतु जें कायद्यानें मागितलें नाहीं तें देऊं नये, असा त्याचा अर्थ नव्हे.) फेब्रुवारी २०२४ मध्यें राज्य सरकारनें नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटर परिसरांत सरकारी अथवा अनुदानित शाळा असेल तिला या बंधनांतून सूट दिली. १९ जुलै २०२४ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें हा बदल रद्द ठरविला. एका किलोमीटरच्या मोजपट्टीनें गरिबाच्या मुलाचें दार उघडूंहि शकतें व झांकूंहि शकतें. ती कोणाच्या हातांत आहे, हें पाहावें लागतें.

मग या सर्वांवर देखरेख कोणाची? कागदावर पाहिलें तर प्रथम जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त सभासदांची. परंतु मार्च २०२२ मध्यें राज्यांतील बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि निवडणुका लांबणीवर पडल्यामुळें त्यांचा कारभार वर्षानुवर्षें प्रशासकांकडे राहिला. मे २०२५ मध्यें निवडणुका घेण्याविषयीं सर्वोच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला. समूह शाळांचे प्रस्ताव मागविले गेले त्या काळांत अशा जिल्ह्यांत वाडीची बाजू मांडणारा शिक्षण समितीचा एकहि निवडलेला सभासद खुर्चीवर नव्हता! अधिकारी कर्तव्यदक्ष असले तरी ते बदलीचे धनी. ओढ्यास पूर केव्हां येतो हें त्यांस कोणीं सांगावें?

दुसरी देखरेख शाळा व्यवस्थापन समितीची. शिक्षणहक्काच्या कायद्यानें ती सरकारी व अनुदानित शाळांत आवश्यक केली आहे. तिच्यांत शंभरांत पंचाहत्तर सभासद पालक असावे लागतात व निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणें, शाळा विकास आराखडा तयार करणें, आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणें, हीं तिचीं कामें. फुल्यांच्या काळीं ज्या रयतेस पट्टी भरूनहि विचारण्याची सोय नव्हती, तिच्या नातीस आज खर्चाची वही मागण्याचा कायदेशीर अधिकार आहे. शोकाची गोष्ट ही कीं, पुष्कळ ठिकाणीं समितीची बैठक सह्यांपुरती होते. मजुरीवर गेलेली आई दुपारच्या बैठकीस कशी येणार? बैठक संध्याकाळीं घ्यावी, खर्च मोठ्यानें वाचून दाखवावा, एवढ्यानेंहि पुष्कळ फरक पडेल.

तिसरा उपाय फार थोड्यांस ठाऊक आहे. कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणें मुलाच्या हक्काविषयीं कोणाहि मनुष्यास स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करतां येते, व संबंधितांचें म्हणणें ऐकून तीन महिन्यांच्या आंत तिचा निकाल देणें प्राधिकरणावर बंधनकारक आहे. त्यासाठीं वकील लागत नाहीं. स्वच्छ अक्षर आणि खरी हकीकत लागते.

विद्यार्थी मित्रहो, या दोन्ही गोष्टी तुम्हांजवळ आहेत. येत्या सुटींत घरीं जाल तेव्हां आपल्या गांवच्या शाळेकडे एक फेरी करा. पट किती, शिक्षक किती, गेल्या वर्षीं अनुदान किती आलें व कशावर खर्च झालें, समितीवर कोण कोण आहेत व त्यांची शेवटची बैठक केव्हां झाली, हें गुरुजींस आदरानें विचारा. कोणत्या घरचें मूल शाळेस येत नाहीं व कां येत नाहीं, तें पाहा. आई समितीवर असेल तर तिला कागद वाचून दाखवा. वडील ग्रामसभेस जात असतील तर शाळेचा विषय तेथें काढावयास सांगा. यांत कोणावर आरोप करण्याचा हेतु नसावा. बहुतेक शिक्षकांस असें कोणी आपुलकीनें विचारणारें भेटलें तर आनंदच होईल, कारण गळक्या छपराचा अर्ज एकट्या शिक्षकाच्या सहीनें जातो त्यापेक्षां पन्नास पालकांच्या सह्यांनीं अधिक लवकर पुढें सरकतो.

पैसा वरून येतो, आणि पुढेंहि बहुधा वरूनच येत राहील. परंतु त्या पैशानें कोणत्या वाडीवर दिवा लागला व कोणत्या वाडीवर तो विझूं लागला, हें वाडीवरच्या माणसालाच प्रथम दिसतें. त्यानें तें पाहावें, लिहावें आणि योग्य ठिकाणीं सांगावें. स्थानिक देखरेख या मोठ्या शब्दाचा आम्हांस समजलेला अर्थ इतकाच आहे.